उलट्या तारा

उष्णतेच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. आच, धग, झळ, ऊब, उकाडा, काहिली, कोमट, कढत अशी शब्दांची रांगच्या रांग आमच्या आजीने चुलीपुढे बसून आमच्या कानांवर घातली. शेगडीची असते ती आच, निखाऱ्याची ती धग, आणि गोधडीत शिरल्यावर मिळते ती ऊब, हे आम्हांला कोणी मुद्दाम शिकविले नाही; ते हाताला आणि पाठीला आपोआप कळत गेले. पुढे आम्ही मराठी घेऊन एम.ए. झालो आणि इंदूर व आसपासच्या शासकीय शाळांतून हयातभर हिंदी शिकवीत आलो. माळव्यातल्या मराठी माणसाच्या वाट्याला येणारी ही गंमत या मासिकाच्या वाचकांना नवी नाही. सांगावयाचे इतकेच की, उष्णता ही डोळ्यांनी पाहावयाची वस्तू आहे, असे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत आमच्या स्वप्नातही आले नव्हते. तो योग आला तो आमच्या शाळेतल्या विजेच्या मेन बोर्डामुळे.

शाळेची इमारत जुनी आहे. जिन्याखाली मेन बोर्ड आणि त्याला लागूनच सहावीचा वर्ग. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडली, सगळे पंखे फिरू लागले आणि जिन्याखाली काहीतरी करपल्याचा वास येऊ लागला. वायरमनला बोलाविले. त्याने बोर्ड उघडून इकडे तिकडे पाहिले, “सब ठीक है, साब” म्हणाला आणि आपली पिशवी उचलून गेला. वास मात्र गेला नाही. वरिष्ठ कार्यालयाकडे पत्र धाडले. पत्राची पोच आली. सहावीची पंचेचाळीस मुले त्या भिंतीला टेकून बसतात, हा विचार रात्री झोपू देईना.

तेव्हा आमच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिका म्हणाल्या, “सर, कोणता जोड तापतो आहे हे दाखविणारा कॅमेरा असतो. तयार कॅमेरा आपल्याला परवडणार नाही, पण मुलांकडून बनवून घेता येईल.” त्यांनी कागदावर हिशेब मांडला. रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक आणि उष्णता पाहणारा एक सेन्सर, एवढ्या दोन वस्तूंवर काम भागत होते. सरकारी पद्धतीने तीन कोटेशने मागविण्यात पावसाळा सरला असता, म्हणून शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढली. वस्तू आल्या आणि आठवड्याभरात शिक्षिकाबाई प्रसूतीच्या रजेवर गेल्या. जाताना त्यांनी विज्ञान-मंडळाच्या कपाटाची किल्ली आमच्या हाती ठेवली. “मुलगा हुशार आहे, सगळे करील. तुम्ही फक्त लक्ष ठेवा,” असे त्या म्हणाल्या. लक्ष ठेवणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला यात अवघड ते काय, असे आम्हांला वाटले.

हा मुलगा अकरावीतला. अंगाने किरकोळ आणि बोलण्यात त्याहून किरकोळ. शाळेपासून दोन गल्ल्या टाकून कडुनिंबाखाली त्याच्या वडिलांचा इस्त्रीचा ठेला आहे. दुपारी चारनंतर तो प्रयोगशाळेत बसे आणि आम्ही फाइली घेऊन त्याच्याजवळ बसत असू.

तो संगणक प्रथम पाहिला तेव्हा ही वस्तू आपण ऐकली तीच का, अशी शंका आली. लांबी-रुंदीला एखाद्या बँकेच्या कार्डाएवढी हिरवी पट्टी. ना पेटी, ना पडदा. २०१२ साली इंग्लंडातल्या केंब्रिजमधून हा संगणक बाहेर पडला, आणि त्याचा मूळ हेतूच मुलांना स्वस्तात संगणकाचे अंतरंग कळावे हा होता. त्याच्या एका कडेला चाळीस टाचण्या दोन ओळींत उभ्या असतात. नखाएवढ्या मेमरी-कार्डावर त्याची सारी विद्या लिहून ठेवावयाची, ते कार्ड त्याच्या पोटात सरकवावयाचे, वीज द्यावयाची, आणि दूरदर्शनच्या संचाला जोडले की हा बटू बोलू लागतो.

सेन्सर त्याहूनही लहान. टोपी घातलेल्या शर्टाच्या गुंडीसारखी एक धातूची डबी आणि तिच्या माथ्यावर बारीक खिडकी. मेलेक्सिस या बेल्जियमच्या कंपनीचा तो होता. त्याच्या पोटात बत्तीस गुणिले चोवीस, म्हणजे ७६८ डोळे असतात आणि प्रत्येक डोळा समोरच्या एका तुकड्याचे तापमान सांगतो. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असे ठिपके लाखांनी मोजतात. येथे अवघे सातशे अडुसष्ट. तरी काळोखातही पाहणारे.

या दोहोंना जोडण्यासाठी चार तारा पुरतात. मुलाने एका शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर हिंदीत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवले होते: लाल तार पहिल्या टाचणीला, पिवळी तिसऱ्या, हिरवी पाचव्या आणि काळी सहाव्या. लाल तारेतून सव्वातीन व्होल्टच्या आसपास वीज जाते आणि काळी तार ती परत आणते. पिवळीतून माहिती जाते-येते आणि हिरवीतून तिचा ताल धरला जातो. तबल्याच्या ठेक्यावर गाणे चालावे तसे प्रत्येक ठोक्याला माहितीचा एकेक कण पुढे सरकतो. दोन तारांची ही संभाषणाची रीत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. तिला आय-टू-सी म्हणतात. पहिल्या टाचणीच्या अगदी शेजारी दुसरी टाचणी आहे, आणि तिच्यात पाच व्होल्ट असतात. “सर, लाल तार चुकून तिकडे गेली, तर सेन्सर जळू शकतो,” असे मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले. हे वाक्य आमच्या डोक्यात घट्ट बसले. पुढच्या अनर्थाचे बीज या घट्ट बसण्यातच होते.

तारा जोडल्या आणि मुलाने संगणकाला आज्ञा दिली की, तुझ्या दारी कोण आले आहे ते सांग. पडद्यावर आडव्या रेघांचा एक कोठा उमटला. सगळ्या रेघाच, घरात कोणी नाही. मुलाने डोके खाजविले, थोडे वाचले आणि हसला. संगणकाने ते दोन तारांचे दार मुळातच बंद ठेवलेले असते. ते आपण उघडून द्यावे लागते. दार उघडले, संगणक पुन्हा सुरू केला, तीच आज्ञा दिली आणि रेघांच्या रांगेत ३३ हा आकडा उमटला. सेन्सरचा तो पत्ता. हे तेहतीस सोळाच्या पायावरचे. आपल्या हिशेबात एक्कावन. मुलगा आनंदाने उठून उभाच राहिला. कोट्यवधी मैलांवरच्या ग्रहाकडून निरोप यावा, तसा आनंद आम्हांलाही त्या दोन आकड्यांनी झाला, हे कबूल केले पाहिजे.

चित्र मात्र लगेच आले नाही. आले ते अडखळत, एक चौकट येऊन पुढची वाट पाहावयास लावी. दोन तारांवरचा ठोका सेकंदाला एक लाखाचा होता, तो चार लाखांवर न्यावा लागला. तेव्हा कोठे चित्र वाहू लागले. हा सेन्सर आपले सगळे डोळे एकदम उघडीत नाही. बुद्धिबळाच्या पटावरची आधी पांढरी घरे पाहावी आणि मग काळी, तशी दोन खेपांत तो चौकट पुरी करतो. घाई केली, तर चित्र कणी पडल्यासारखे थरथरते. सावकाश पाहू दिले, तर आकडे स्थिर राहतात. वीज दिल्यावरही त्याला चार-पाच मिनिटे शांत बसू द्यावे लागते. तोवर त्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये. मुलगा हे सारे वहीत टिपून ठेवी. आम्ही मान डोलवीत असू.

रंगांची हकीगत आम्हांला विशेष आवडली. आम्ही समजत होतो की, उष्ण वस्तू लाल आणि थंड वस्तू निळी ही कॅमेऱ्याला दिसते. वस्तुतः त्याला रंग ठाऊकच नाहीत. तो सातशे अडुसष्ट आकडे देतो आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यावा हे आपण ठरवितो. दोन ठिपक्यांमधली जागा भरून चित्र गुळगुळीत करता येते आणि ते देखणेही दिसते, पण त्याने माहितीत काडीची भर पडत नाही. हे ऐकून आम्हांला आमच्या एम.ए.च्या उत्तरपत्रिका आठवल्या.

भाषेच्या माणसाला इतिहासाचा आधार लागतो, म्हणून आम्हीही थोडे वाचन केले. या अदृश्य उष्णतेचा शोध लावणारा विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, आणि पेशाने संगीतकार. इंग्लंडातल्या बाथ गावी तो ऑर्गन वाजवी आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांतून आकाश पाही. १७८१ मध्ये त्याने युरेनस ग्रह शोधला. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथला पारा सर्वांत वर चढला. रंग संपला तरी किरण संपले नव्हते. पुढे १८२१ मध्ये झेबेक या शास्त्रज्ञाला आढळले की, दोन निरनिराळ्या धातूंचे जोड एक उष्ण व एक थंड ठेवले, तर त्यांतून विजेचा परिणाम दिसतो. आमच्या गुंडीतल्या प्रत्येक डोळ्यात हाच व्यवहार चालतो. एक टोक समोरून आलेल्या किरणांनी तापते, दुसरे डबीच्या अंगाशी राहते आणि दोहोंतल्या फरकातून तापमान काढले जाते. एका वाद्य वाजविणाऱ्याचा शोध दोन शतकांनी इंदूरच्या सरकारी शाळेत चार तारांवर ताल धरून बसला होता, याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटले.

पहिल्या दिवशी मुलांची झुंबड उडाली. कोणी भिंतीवर हात टेकवी आणि काढून घेई; हात गेल्यावरही त्याचा उजळ ठसा काही क्षण भिंतीवर राही आणि विरून जाई. मग आमची पाळी आली. आम्ही पुढे होऊन पाहिले तो वर्गात खसखस पिकली. पडद्यावर आमचे कपाळ व गाल तांबूस-पिवळे होते आणि डोळ्यांच्या जागी एक काळा पट्टा होता. देहातून निघणारे हे किरण काचेतून पार जात नाहीत, त्यामुळे चष्म्याआडचे डोळे त्या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. “बडे सर की आँखें ही नहीं हैं!” मागून कोणीतरी म्हणाले. आम्हीही हसलो.

आता जे सांगावयाचे, ते सांगताना हात थोडा अडखळतो. जुलैअखेरच्या एका रविवारी पुण्याहून आमचा भाचा आला. तो अभियंता. बोलता बोलता त्याच्या कारखान्यातल्या लाखांच्या यंत्रांचा विषय निघाला आणि आम्हांलाही आमच्या शाळेची प्रौढी मिरविण्याची हुक्की आली. किल्ली आमच्याकडे होतीच. प्रयोगशाळा उघडली, कॅमेरा सुरू केला, भाच्याने कौतुक केले. टेबल पुसायचे म्हणून आम्ही सेन्सरच्या चारही तारा काढल्या आणि निघताना पुन्हा लावल्या. वही समोरच होती. ती उघडण्याची गरज आम्हांला वाटली नाही. लाल तार पहिल्या टाचणीलाच गेली पाहिजे, हे मात्र दोनदा तपासून पाहिले.

सोमवारी चार वाजता मुलाने आज्ञा दिली. पडद्यावर नुसत्या रेघा. तेहतीस नाही. त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा रेघाच. मंडळाची आठ-दहा मुले भोवती उभी होती. आमच्या डोक्यात घट्ट बसलेले ते वाक्य उसळून वर आले. आम्ही म्हणालो, “लाल तार दुसऱ्या टाचणीला लावली असशील कधीतरी. जाळलास ना सेन्सर? शिक्षकांच्या वर्गणीचा पैसा होता तो!” आणखीही काही बोललो. रागाच्या भरात माणूस जे बोलतो त्यातले पुष्कळसे त्याला आठवत नाही. ऐकणाऱ्याला मात्र शब्द न् शब्द आठवतो. मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही, रडला नाही, हुज्जत घातली नाही. त्याचा तो थंडपणा पाहून आमची खात्रीच पटली. त्याने वही मिटली, टेबलावर ठेवली आणि दप्तर उचलून निघून गेला.

मंगळवारी तो शाळेत आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी हजेरीपटावर त्याच्या नावापुढची तिसरी गैरहजेरी पाहिली आणि मनात कोठेतरी टोचले. शाळा सुटल्यावर आम्ही एकटेच प्रयोगशाळेत गेलो. नवा सेन्सर मागवावयाचा तर जुन्याची नोंद हवी, म्हणून वही उघडली. पहिल्या पानावरच्या त्या चार ओळी वाचल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून, डोळे अगदी टाचण्यांजवळ नेऊन पाहिले. लाल पहिलीला, काळी सहावीला. हिरवी होती तिसरीला आणि पिवळी पाचवीला.

आम्ही खुर्चीवर बसलो. रविवारी त्या तारांना हात लावणारी एकच व्यक्ती होती.

संगणक बंद करून दोन तारांची अदलाबदल करण्यास अर्धे मिनिटही लागले नाही. या दोन तारा उलटल्या तरी सेन्सर सहसा जळत नाही. तो फक्त मुका होतो. गाणाऱ्याला ठेका ऐकू येईना आणि ठेकेवाल्याला गाणे, असा तो प्रकार. मुलाच्या वहीत पाहून एकेक अक्षर शोधीत आम्ही आज्ञा टंकली. रेघांच्या रांगेत तेहतीस उमटला. त्या दिवशी त्या आकड्याने आम्हांला आनंद दिला नाही.

रात्री जेवताना सर्व हकीगत आमच्या सौभाग्यवतींना सांगितली आणि म्हणालो, “उद्या तो आला की त्याला खोलीत बोलावून समजावीन.”

त्यांनी आमटी वाढता वाढता विचारले, “अहो, रागावलात कुठे?”

“प्रयोगशाळेत.”

“चारचौघांत ना? मग माफी मागायलाच तेवढी खोली कशाला हवी? आणि तो उद्या येईल हे तुम्हांला कोणी सांगितले?”

तीस वर्षे मास्तरकी केली, पण इतके थोडक्यात शिकविणे आम्हांला साधलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक, सेन्सर, छोटा पडदा आणि पॉवर बँक असे सगळे एका कापडी पिशवीत घालून आम्ही कडुनिंबाखालच्या ठेल्यावर गेलो. मुलगा वडिलांना कपडे घडी करून देत होता. आम्हांला पाहताच त्याच्या वडिलांनी इस्त्री उभी केली, हात जोडले. “माट्साब, आप क्यों आये? हमें बुला लेते. लडका बता रहा था, मशीन खराब हो गई. हम थोडा-थोडा करके भर देंगे.”

या शेवटच्या वाक्याने आमची उरलीसुरली प्रौढीही गळून पडली. मुलाने घरी काय सांगितले होते? मशीन बिघडली, एवढेच. कोणी बिघडविली, कोणी आळ घेतला, यातले अक्षरही नाही. आम्ही मुलाकडे वळून म्हणालो, “बेटा, तारा मी उलट्या लावल्या होत्या. रविवारी. सेन्सर चांगला आहे. चूक माझी होती आणि बोललो तुला. मला माफ कर.” वडील गोंधळून एकदा आमच्याकडे, एकदा मुलाकडे पाहू लागले. मुलाने खाली पाहिले. मग पिशवीकडे बोट करून म्हणाला, “सर, चालू करके देखूँ?”

त्याने तेथेच ठेल्यावर यंत्र मांडले. कपड्यांचे ढीग निळसर, वडिलांचे हात पिवळे आणि कोळशाच्या इस्त्रीचे तोंड पांढरेफटक. ती इस्त्री पितळेची, वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिचा तळ आरशासारखा चकचकीत झालेला. वडिलांनी ती उलटी धरून तळावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्रर आवाज होऊन ते नाचत उडून गेले. तो तळ कॅमेऱ्यासमोर आणला तर आकडा साठीच्या आसपास! आणि तिच्याच धुराने काळवंडलेल्या कडेकडे कॅमेरा वळविला, तर दीडशेच्या वर. धातू एकच, निखारे तेच.

आम्ही म्हणालो, “पुन्हा काही बिघडले वाटते.”

“नहीं सर,” मुलगा म्हणाला, आणि त्या सकाळी प्रथमच मोकळेपणाने बोलू लागला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार थोडी बाहेर टाकतो आणि समोरच्या वस्तूंची परत फेकतो, म्हणून कॅमेरा फसतो. काळ्या, खडबडीत पृष्ठभागाचा आकडा खरा मानावा. कातडी, कापड, लाकूड, भिंत यांचाही बहुतेक खरा. चकचकीत वस्तूचे तापमान हवे असेल, तर तिच्यावर काळी पट्टी चिकटवून त्या पट्टीकडे पाहावे. वडील शांतपणे म्हणाले, “हम तो पानी डाल के देखते हैं. देखने से इस्त्री का क्या पता चलता है?”

त्या तळाकडे आम्ही बराच वेळ पाहत होतो. सोमवारी त्या मुलाच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही, म्हणून त्याला काही वाटलेच नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

मुलगा त्याच दिवशी शाळेत आला. पुढच्या सकाळी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व शाळेपुढे घडले ते सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. पाय थोडे कापत होते. आम्हांला भीती होती की मुले हसतील. कोणी हसले नाही. सहावीतल्या एका मुलाने टाळी वाजविली आणि शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले, इतकेच.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका दमट दुपारी आम्ही मूळ कामाला हात घातला. परवानाधारक वायरमन बोलाविला, सहावीचा वर्ग मैदानात नेला, सगळे पंखे आणि दिवे मुद्दाम चालू ठेवले आणि वायरमनने बोर्डाचे झाकण काढले. कोणी जवळ जायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. कॅमेरा लांब काठीला बांधून त्यानेच धरला. पडद्यावर सगळे एकसारखे फिके दिसत होते. वायरमन “देखा, सब ठीक है” असे म्हणणार, इतक्यात मुलगा म्हणाला, “चाचा, पेच मत देखो, पेच चमकते हैं. उनके पास का तार का रबर देखो.” कॅमेरा हळूहळू खाली सरकला. तारांच्या आवरणांवर एकेक आकडा दिसू लागला: अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. डावीकडून चौथ्या तारेपाशी चित्र एकदम पिवळे झाले. शहात्तर.

मुख्य वीज बंद केली. चौथ्या जोडाचा पेच बोटाने फिरेल इतका सैल होता आणि त्याखाली तारेचे आवरण करपून ठिसूळ झाले होते. सैल जोडातून वीज जाताना अडथळा होतो, अडथळ्याने जोड तापतो, तापून आणखी सैल होतो, हे वायरमननेच आम्हांला समजाविले. आता त्याच्या आवाजात पूर्वीचा ताठा नव्हता. तारेचे करपलेले टोक कापले, नवे टोक बसविले, पेच आवळला, सगळे पंखे पुन्हा लावले. अर्ध्या तासाने पाहिले तो चौथ्या तारेवर एकोणचाळीस. तेव्हापासून जिन्याखाली वास नाही. भिंतीपलीकडे सहावीचा वर्ग पूर्ववत बसतो आणि पूर्ववत गोंगाट करतो.

रजा संपवून शिक्षिकाबाई परत आल्या, तेव्हा कपाटाची किल्ली आणि ती वही आम्ही त्यांच्या स्वाधीन करावयास काढली. देण्यापूर्वी वही सहज चाळली. मुलाने प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली होती. कडुनिंबाखालच्या त्या भेटीच्या दिवशीची नोंद दोनच ओळींची होती: सेन्सर दिख नहीं रहा था, पीली और हरी तार उलटी थीं, ठीक कर दीं. तारा कोणी उलटविल्या आणि कोणी नीट केल्या, याचा त्यात उल्लेख नव्हता.

सरकारी नोकरीत अपुरी नोंद पुढे पाठविण्याची आम्हांला सवय नाही. आम्ही पेन काढले आणि त्या दोन ओळींखाली आमच्या अक्षरांत लिहिले: तारें प्रधानाध्यापक ने उलटी लगाई थीं. खाली सही केली, तारीख घातली आणि कार्यालयातून शिक्का मागवून तोही मारला.